अप्पाराव ट्रॅकवरून घरी जातात

आमच्या कॉलनीमागच्या नाल्याकाठच्या ट्रॅकवर सकाळी दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, जी दमायला आलेली असतात. आणि दुसरे अप्पाराव, जे आधीच दमून आलेले असतात.

अप्पाराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात थर्ड शिफ्टला आहेत. रात्रभर मशीनसमोर उभं राहायचं आणि उजाडलं की सायकलला डबा अडकवून घर गाठायचं. मूळचे देवगाव रंगारीचे, पन्नाशी ओलांडलेले. डोळ्यांखाली दोन पिशव्या. कित्येक वर्षांची राहिलेली झोप त्यांतच ठेवलेली असावी. "कसं काय अप्पाराव?" असं विचारलं, की "जागा हाय" एवढंच म्हणतात. ट्रॅकवर सगळे जण बीपी आणि साखरेचे आकडे ऐकवत असताना हे उत्तर फार त्रोटक वाटतं.

पूर्वी ते जालना रोडनं जायचे. बरोबर संघपाल नावाचा सोबती असायचा. गेल्या वर्षी त्याला मागून ट्रकचा धक्का बसला. पायात सळई घालून तो आता घरी बसलाय. त्या दिवशी मालनबाईंनी, म्हणजे अप्पारावांच्या मंडळींनी, नवऱ्याला बजावलं, "पुन्हा त्या रोडनं आलात तर दार उघडणार नाय." दार उघडलं नाही तर झोपायचं कुठं? अप्पाराव ट्रॅकवर आले ते असे.

ट्रॅक चांगला आहे. मधोमध पांढरा पट्टा आहे. एका बाजूला सायकलचं चित्र, दुसऱ्या बाजूला माणसाचं. चित्रं बघून सगळे खूश होतात आणि हवं तिथून चालतात. चार मैत्रिणी एका ओळीत निघतात. सुनांचा विषय निघाला की ओळ आणखी रुंद होते. कुत्र्याचे मालक एका कडेनं, कुत्रं दुसऱ्या कडेनं आणि ट्रॅकभर आडवी दोरी. आणि दत्तोपंत. दत्तोपंत कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. उलटं चाललं की गुडघे सुधारतात, असं त्यांना मोबाईलवर कळलं. तेव्हापासून ते पाठ पुढे करून चालतात, आणि वाकडं जाऊ नये म्हणून नेमके त्या पांढऱ्या पट्ट्यावरून.

या सगळ्यातून अप्पारावांना वाट काढायची असते. सायकलला घंटी आहे, ठणठणीत आहे, पण ते ती वाजवत नाहीत. त्यांच्या गावाकडची रीत अशी, की मोठं माणूस पुढे असलं तर मागून नुसतं खाकरायचं. ते समजून घेतं, बाजूला होतं, कुणाचा मान जात नाही. पण करोनापासून शहरात खाकरण्याचा अर्थ बदलला. अप्पाराव खाकरले की काही जण उडी मारून झुडपात जातात, काही जण नाकावर रुमाल धरून रागानं बघतात. आणि ज्यांच्या कानात गाणी असतात ते आपले मधूनच चालत राहतात.

थंडीतली गोष्ट. अप्पाराव पेंगत येत होते. समोर दत्तोपंतांची पाठ दिसली. पाठ दिसतेय म्हणजे माणूस आपल्याच दिशेनं चाललाय, असं झोपेत असलेल्या कुणालाही वाटेल. त्यांनी वेग कमी केला आणि अदबीनं खाकरले. दत्तोपंतांची कानटोपी जाड. खोकला कुठून आला ते कळेना. समोर तर कुणी नव्हतं. तेव्हा खोकणाऱ्यापासून लांब जावं म्हणून त्यांनी वेग वाढवला, आणि थेट अप्पारावांच्या पुढच्या चाकावर येऊन बसले.

दत्तोपंतांचं मनगट मुरगळलं. डबा नाल्यात गेला. आणि दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर ठरूनही गेलं, की ट्रॅकवर सायकली बंद.

रविवारी ट्रॅकवरच बैठक झाली. कालिंदीताई कॉलनीच्या समितीच्या अध्यक्ष. मनानं चांगल्या, आवाजानं मोठ्या. अप्पाराव शिफ्टवरून तसेच आले आणि सायकलला टेकून उभे राहिले. बसलो तर उठायचो नाही, म्हणाले.

"घंटी का नाही वाजवलीत?" ताईंनी विचारलं.

"वडीलधाऱ्या माणसाला मागून घंटी कशी वाजवू ताई? ते काय म्हशी हायत का हाकलायला?"

"मागून कुठं? पुढून!" कुणीतरी ओरडलं.

"मला तं मागूनच वाटलं. पाठ होती ना."

हसू उसळलं. गळ्यात हात बांधलेले दत्तोपंत उठले. "अप्पारावांचा दोष नाही. मी बघत एकीकडे होतो आणि जात दुसरीकडे होतो. चाळीस वर्षं कोर्टात काढली मी. या केसमध्ये आरोपी मीच आहे."

"काका, तुमचं वय बघा," ताई म्हणाल्या. "उद्या कुणाचं कंबरडं मोडलं तर? सायकल नकोच."

अप्पारावांचा चेहरा उतरला. "ताई, मग मला रोडनंच जावं लागंल. रात्रभर जागा माणूस मी, आन् मागून ट्रक. संघपालचं झालं तुम्हाला ठावं हाय. इथं धडकलो तं मनगट जातं. तिथं..."

मैत्रिणींची ओळ पट्ट्याच्या एका बाजूला सरकली.

बराच वेळ घासाघीस झाली. पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे चालायचं, कुत्र्याची दोरी आखूड धरायची, कानातली गाणी हळू, उलटं चालणं फक्त बागेत, हे सगळ्यांनी कबूल केलं आणि निम्म्यांनी लगेच विसरूनही टाकलं. पण सकाळच्या गर्दीत सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची, यावर ताई अडून बसल्या.

"चालंल," अप्पाराव म्हणाले. भांडायलाही अंगात जोर लागतो. "ढकलत तं ढकलत. घरी तं पोचतो."

घरी मालनबाई कडाडल्या, "रातभर उभं राहायचं आन् सकाळी गाडा वढायचा? लई भारी न्याव हाय!" पण दार उघडंच होतं.

आता रोज सकाळी अप्पाराव सायकल धरून ट्रॅकवरून चालतात. बाकीचे व्यायामाला चालतात. हे चालून झालं की झोपतात. परवा त्यांच्या शेजारून दत्तोपंत चालले होते, तोंड पुढे करून. गुडघ्यांबद्दल काहीतरी सांगत होते आणि अप्पाराव हुंकार देत होते. वळणावर हुंकार थांबले. अप्पारावांचे डोळे मिटलेले आणि पाय चालू. सायकल सरळ नाल्याकडे निघाली होती. दत्तोपंतांनी धड असलेल्या हातानं हँडल पकडलं, हळूच वळवलं आणि गुडघ्यांची गोष्ट पुढे चालू ठेवली.

घराच्या फाटकाजवळ अप्पाराव दचकले. "काका, झोपलो व्हतो का मी?"

"थोडेसे."

"आन् सायकल?"

"ती येत होती की बरोबर," दत्तोपंत म्हणाले. "चला, घर आलं तुमचं."

"तुमी पार इथवर आलात की. तुमचं घर तं तिकडं."

"असू दे हो. मला कुठं शिफ्ट आहे?"