डेन्मार्कच्या उघड्यावरच्या लेकरांसाठी

चहा आधी संपवून घ्या, नाहीतर ठसका लागेल. माझी फजितीच तशी आहे!

आमचं गाव रोहिणखेडच्या पुढं. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या अंगणवाडीत डेन्मार्कची एक बाई आली. कुठल्या देशात लहान मुलं काय खातात, कशी शिकतात, हे ती बघत फिरत होती. आता तिचं बोलणं गावच्या बायकांना सांगणार कोण? अंगणवाडीच्या निर्मलाताई थेट माझ्याकडं आल्या.

"सर, तुमीच चाला. तुमच्यासारखी इंग्रजी गावात कोनाची हाये?"

असं म्हटल्यावर माणूस फुगणार नाही तर काय! कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

मुलं खिचडी खात होती, आया भिंतीला टेकून बसलेल्या. बाई बोलू लागली. आणि काय बोलते हो! नांदुऱ्याच्या स्टेशनात न थांबता धडधडत जाणारी मेलगाडी बरी. अर्धे शब्द हाती लागायचे, बाकीचे मी अंदाजानं भरायचो.

"यांच्याकडं तान्ही लेकरं थंडीत बाहेर झोपतात," मी सांगितलं.

नातवाला घेऊन आलेली गोदाआजी दचकली. "बाहीर? बर्फात?"

"हो. बर्फातसुद्धा."

"माय वं! घरदार नाई काय त्यायले?"

बाई पुढं काळ्या पावाचं काहीतरी बोलली. मी म्हणालो, "डब्यात काळी भाकर असते."

"म्हंजे जळकी?"

"असेल."

"अन् शाळा?"

"सहा वर्षांपर्यंत अक्षर नाही शिकवत. रानात, चिखलात फिरतात."

एकीनं डोळ्याला पदर लावला. खरं सांगू? मलाही दया आली. वाटलं, एवढ्या दुरून आली बिचारी, मागायला लाजत असेल.

तेवढ्यात गोदाआजी उठून गेली ती गोधडी घेऊनच आली. मग काय विचारता! कोणी शेंगदाण्याचे लाडू आणले, कोणी पोराचं स्वेटर. आमची मंदा, म्हणजे माझी बायको, ती तर ज्वारीच्या पिठाचा डबाच उचलून घेऊन आली.

बाईनं विचारलं, हे कोणासाठी? मी छातीवर हात ठेवून माझ्या इंग्रजीत म्हणालो, "तुमच्या गरीब मुलांसाठी. लाजू नका."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. दुमजली घर, दारात झकास बाबागाडी, आत लोकरीत गुंडाळलेलं गुबगुबीत लेकरू, गाढ झोपलेलं! मग ती एकेक शब्द सुटा करून बोलली, आणि आता मला सगळं कळलं. मोकळ्या हवेत झोप चांगली लागते, वाढ चांगली होते, म्हणून मुद्दाम बाहेर निजवतात. पाव राय नावाच्या धान्याचा. पौष्टिक, आणि रंगानंच काळपट. अक्षरांची घाई नाही, कारण आधी पोटभर खेळू द्यायचं.

हे मराठीत सांगताना माझी मान काही वर होईना. गोदाआजीनं फोटो डोळ्याजवळ धरला.

"काऊन हो सर, हे लेकरू त तुमच्याहून धष्टपुष्ट हाये!"

काय हशा पिकला! मी बाईला खरा प्रकार सांगितला, तर तीही डोळे पुसत हसली. तिनं लाडू आवडीनं खाल्ला, पण गोधडी परत करू लागली. आजी घेईना.

"राहू दे म्हना तिले. गरिबाची नोय, पाव्हनीची म्हनून ने."

संध्याकाळी घरी आलो, तर माझी खाट अंगणात!

"हे काऊन वं?"

मंदा आतूनच म्हणाली, "अवो, मोकळ्या हवेत निजल्यानं वाढ चांगली होते म्हने. तुमची डोक्यातली जराशीक राह्यली ना!"