नागपूरला गेलेलं जपानी गाणं

माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि माझं शिक्षणही यंत्रांचं. लिहिण्यात काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, जर्सी सिटीत एका जपानी विद्यार्थ्याबरोबर एका खोलीत राहत होतो. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी नागपूरला पत्राऐवजी कॅसेट पाठवायचो. घरचे ती ऐकायचे आणि तिच्यावरच आपलं बोलणं रेकॉर्ड करून परत पाठवायचे. एकच कॅसेट वर्षभर ये-जा करायची.

माझ्या सोबत्याकडेही एक कॅसेट होती. हिवाळा आला की त्याच्या देशात दुकानादुकानांतून वाजणारं एक प्रेमगीत तिच्यात होतं. बर्फ पडतो आहे आणि ती वाट पाहते आहे, असं काहीसं. पण हे गाणं त्याच्या मैत्रिणीने स्वतः गाऊन पाठवलेलं होतं. दुसऱ्या कडव्यात ती खोकायची. तो अभ्यासाला बसण्यापूर्वी रोज एकदा ते ऐकायचा.

डिसेंबरात एका दुपारी मी पोस्टातून परत आलो, तेव्हा त्याने टेप लावला होता. त्यातून माझाच आवाज येत होता, "आई, थंडी खूप आहे, पण मी स्वेटर घालतो."

त्याने बटण दाबलं. "माझी कुठे आहे?"

दोन्ही कॅसेट एकाच कंपनीच्या होत्या. "नागपूरला निघाली," मी म्हणालो.

"मग परत मागव."

मी त्याला आमच्या घरची रीत सांगितली.

"म्हणजे तुझी आई तिच्यावर बोलणार?"

"आई, बाबा, बहीण. शेजारच्या मावशीसुद्धा."

"मावशी कशाला?"

"त्यांचे गुडघे दुखतात. दर वेळी सांगतात."

तो हसला नाही. मीही हसायला नको होतं, पण थोडं हसू आलं.

घरी फोन नव्हता. तार करता आली असती. पण आमच्या वस्तीत तार म्हणजे कुणीतरी गेलं. तारवाला दारात पाहूनच आईने टाहो फोडला असता. मी पत्र लिहिलं, 'त्या कॅसेटवर काहीही बोलू नका', आणि ते आधी पोचेल अशी आशा केली. त्यानंतर सोबती मला त्याबद्दल काही बोलला नाही. चहा मात्र दोघांचा करायचा. ते मला जास्त जड गेलं.

फेब्रुवारीत बहिणीचं पत्र आलं.

"दादा, तुझं पत्र कॅसेटनंतर दहा दिवसांनी मिळालं. बाबांनी बटणावर बोट ठेवलंच होतं. आई म्हणाली, थांबा, त्याच्या जपानी सोबत्याच्या, बुद्धाला मानणाऱ्या देशातली ही वंदना दिसते, पोराने मुद्दाम पाठवली असेल. पौर्णिमेला आम्ही ती विहारात लावली. सगळे हात जोडून बसले. तिथे जपानहून एक भंतेजी आले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, हे प्रेमाचं गाणं आहे. आई इतकी लाजली की जेवलीच नाही. पण पुसू मात्र दिलं नाही. काल बाबांनी पार्सल केलं."