तळ्यावर कामाचं बोलायचं नाही

राजधानी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर थाट येतो. इथेही थाट आहे, पण एका प्रांताला परवडेल इतकाच. विधानसभेचा घुमट आहे, घुमटासमोर बाग आहे आणि बागेत एका थोर पुरुषाचा पुतळा आहे. पुतळ्याने बोट दाखवायचं होतं विधानसभेकडे, पण बसवताना चौथऱ्यावर तो जरा जास्तच फिरला, आणि तेव्हापासून ते थोर पुरुष समोरच्या मिठाईच्या दुकानाकडे बोट दाखवत उभे आहेत. अधिवेशन भरलं की या शहराच्या अंगात येतं. संपलं की दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून खुशाल घोरतात. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण कुणा ना कुणा साहेबाचा साडू, भाचा, गेलाबाजार त्यांच्या ड्रायव्हरचा शेजारी तरी असतोच. नावं ठेवायला जागा भरपूर आहे. पण सकाळच्या उन्हात ती दुतर्फा झाडी आणि मधोमध पसरलेलं तळं पाहिलं की नावं ठेवणाराही गप्प बसतो.

या शहरावर काकूंचा जीव. यजमान सचिवालयात टंकलेखक होते. ते गेल्यावर काकूंनी घराच्या मागच्या खोल्या उतारूंना द्यायला सुरुवात केली. उतारू हौसेने आलेले नसत. कुणाची बदली अडकलेली, कुणाचा दाखला, कुणाची फाईल हरवलेली. काकू दारातच सांगत, "आज शहर बघून घ्या. ऑफिस काय, ते जागचं हलत नाही." आणि मग स्वतः चपला घालून त्यांना घुमट, पुतळा आणि तळं दाखवून आणत. पुतळ्यापाशी चिंताक्रांत माणूससुद्धा हसायचा. काकूंना तेवढंच हवं असायचं.

तळ्याची गोष्ट मात्र वेगळी. रोज सकाळी सगळं सरकार तिथे चालायला येतं. ज्यांच्या दारावरचा शिपाई आपल्याला नजरेनेच घरी पाठवतो, ते मोठे साहेब तिथे ढगळ पँटीत, धापा टाकत आपल्या बाजूने जातात. पण एक रिवाज आहे, कुठेही न लिहिलेला आणि कधीही न मोडलेला: तळ्यावर कामाचं बोलायचं नाही. अर्ज नाही, ओळख नाही, "जरा लक्ष असू द्या" नाही. मागे एका कंत्राटदाराने खिशातून कागद काढला, तर त्याच्याबरोबर चालायला पुन्हा कुणी तयार होईना. काकूंना या रिवाजाचा कोण अभिमान! त्या रोज ज्यांच्याबरोबर चालत ते साहेब आरोग्य खात्याचे सर्वेसर्वा होते. ते चालताना बारा महिने कानटोपी घालत, म्हणून काकू घरात त्यांना कानटोपीच म्हणत. पण इतक्या वर्षांत त्यांच्यापाशी काकूंनी झाडं, गुडघेदुखी आणि सुना सोडून चौथा विषय काढला नव्हता.

अशात एक नर्सबाई उतरायला आल्या. डोंगरातल्या दवाखान्यात नेमणूक, आणि तान्हा असल्यापासून मुलगा सासूकडे, प्रांताच्या दुसऱ्या टोकाला. बदलीचा अर्ज कानटोपीच्याच खात्यात. काकूंनी नेहमीप्रमाणे चपला घातल्या, तर बाई म्हणाल्या, "नको काकू. नाव पुकारलं आणि मी नसले तर?"

त्या रोज उजाडताच जात आणि ऑफिस बंद झाल्यावर येत. सरकारी काम, सहा महिने थांब, हे काकूंना पाठच होतं. पण एका संध्याकाळी बाई ताटावर बसल्या आणि घास तसाच धरून राहिल्या.

"गेल्या वेळी घरी गेले होते ना," त्या म्हणाल्या, "तर तो मला मावशी म्हणाला. सासूबाईंनी शिकवलं, अरे, आई म्हण. तर लाजून त्यांच्याच पदरात लपला."

काकूंनी उगाचच भात वाढला.

त्या रात्री काकूंची झोप उडाली. एक शब्द टाकला असता तर काम होण्यासारखं होतं. पण शब्द टाकायचा म्हणजे रिवाज मोडायचा, आणि तळ्यावरची सोबत तुटली तर काकूंना सकाळी बोलायला होतं तरी कोण? इकडे आड तिकडे विहीर. पहाटे त्यांनी नर्सबाईंना उठवलं. "चल. ऑफिस उघडायला वेळ आहे. आणि तिथे कामाचं अवाक्षर काढायचं नाही, सांगून ठेवते."

बाई निमूट चालू लागल्या. समोरून कानटोपी आली.

"या माझ्याकडच्या पाहुण्या," काकू म्हणाल्या. याहून जास्त काही बोलायची त्यांची छाती झाली नाही.

साहेब खुलले. त्यांनाही शहराचं कौतुक कमी नव्हतं. "वा! मग काय काय पाहिलंत आमच्या शहरात? पुतळा पाहिलात की नाही?"

नर्सबाईंना त्या ढगळ पँटीत कोण आहे याची कल्पनाही नव्हती. दारापलीकडचा चेहरा त्यांना कधी दिसलाच नव्हता. त्या साधेपणाने म्हणाल्या, "नाही हो. मी एक बाकच पाहिलाय. आरोग्य खात्यात, मोठ्या साहेबांच्या दाराबाहेरचा. आले तेव्हापासून तिथेच बसते."

साहेब थांबले. मागून येणारा घोळकाही थबकला.

"काकू," साहेब हळूच म्हणाले, "इथे कामाचं बोलत नाहीत."

काकूंनी पदर खोचला. "कामाचं कोण बोललं? तुम्ही शहराचं विचारलंत, तिने पाहिलं तेवढं सांगितलं."

साहेब पुढे गेले. घोळकाही गेला. जाताना काकूंकडे कुणी पाहिलं नाही.

त्याच दिवशी नर्सबाईंचं नाव पुकारलं गेलं. आत जाताच त्यांना तळ्यावरचाच तो चेहरा दिसला, फक्त कानटोपी नव्हती. अर्ज वाचून साहेबांनी एवढंच विचारलं, "मुलगा केवढा आहे?" संध्याकाळी बदलीचा हुकूम हातात घेऊन बाई काकूंच्या गळ्यात पडल्या आणि मिळेल त्या गाडीने निघून गेल्या. काकूंना इतका आनंद झाला की त्या रिकाम्या खोलीत जाऊन रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तळ्यावर गेल्या त्या मनाची तयारी करूनच. झालंही तसंच. घोळका रोजच्यापेक्षा जरा जास्तच भराभर पुढे गेला. काकू एकट्याच चालत राहिल्या. कंत्राटदाराला काय वाटलं असेल ते त्यांना आज कळलं.

मग मागून ओळखीची धाप ऐकू आली. साहेब शेजारी येऊन चालू लागले. आज ना झाडं निघाली, ना गुडघे.

"काकू," शेवटी ते म्हणाले, "सध्या कोण उतरलंय तुमच्याकडे?"

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. चेष्टा नव्हती.

"एक आजोबा आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडेच येतात, उजाडताच. कमी ऐकू येतं हो त्यांना. नाव पुकारलं तरी कळत नाही."

साहेबांनी कानटोपी काढून हातात घेतली. समोर अर्धी फेरी बाकी होती. ती तशीच सोडून ते ऑफिसच्या रस्त्याला लागले.