जाधवने धावपट्टी बंद केली

सुजाताचा फोन आला तेव्हा मी गावच्या घरी छपरावर चढून पाण्याच्या टाकीचं झाकण बसवत होतो. माझ्या बायकोने, रझियाने, खालून हात उंच करून फोन दाखवला आणि ओरडली, "कॅनडातून हाय, जाधवभाईंची सुजाता." मी खाली उतरलो. पोरगी म्हणाली, "हनीफकाका, बाबा गेले. झोपेत. ही वॉज नॉट इन पेन, काका." मी तिला धीर द्यायचा तर माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी विचारलं, "झोपेत? पण तुझा बाप झोपायचा कधी?" पलीकडे ती हसली आणि मग रडली... खरं सांगतो, तिच्या तोंडून ऐकूनही मला ते पटलं नव्हतं. जाधव एक डोळा मिटायचा तो दुसऱ्यावर विश्वास टाकून, आणि मग त्या दुसऱ्याची काळजी करत पडायचा.

प्रभाकर जाधव हा महाडकडचा. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं बहरीनच्या विमानतळावर होतो. मी सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचा सुपरवायझर आणि तो धावपट्टीचा ड्यूटी ऑफिसर. म्हणजे धावपट्टीवर काही पडलंय का, तडा गेलाय का, दिवे लागतात का, पक्षी बसलेत का, हे सगळं गाडीतून हिंडून बघायचं आणि टॉवरला कळवायचं. पुढे तो कॅनडातल्या एका लहानशा, बर्फाने बुजून जाणाऱ्या विमानतळाचा मॅनेजर झाला. बहरीनला असताना झिंज वस्तीत एकाच इमारतीत आम्ही खाली आणि जाधव मंडळी वर. त्याच्या काळजीची थोडी कल्पना देतो. गॅस बंद केलाय ना हे बघायला तो जिन्यातून इतक्यांदा परत जायचा, की पुढेपुढे जाधवची चाहूल लागली की शेगडी आपण होऊन विझायची. जाधवची बायको, सुनंदावहिनी म्हणतात, हनीफभाईंच्या गोष्टीत मीठ जास्त असतं. असेल. बहरीनच्या उन्हाळ्यात माझी सावलीसुद्धा दुपारच्या शिफ्टला यायला नाही म्हणायची, असं मी सांगत आलोय आणि ते खरंच आहे. पण आता पुढे जे सांगतो ते अळणी आहे. त्यात मीठ घालायची मला कधी हिंमत झाली नाही.

त्या वर्षी आमच्याकडे कॅनडाहून एक गोरा सल्लागार आला होता, रॉससाहेब. त्याने आयुष्यभर थंड मुलखातले विमानतळ चालवले होते. आला तो खाकी अर्धी विजार घालून, आणि आल्या आल्या उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झाला. आमच्या लोकांना तो धावपट्टीची पकड मोजायला शिकवायचा. गाडीच्या तळाला डब्याएवढं एक यंत्र बसवायचं, धावपट्टीवर गाडी वेगात न्यायची आणि करकचून ब्रेक दाबायचा. चाकं जमिनीला किती धरतात ते यंत्र सांगतं. सगळे हसले. एक बहरीनी ऑफिसर म्हणाला, "साहेब, बर्फ मफी, नाहीच! इथे बर्फ फक्त मासळी बाजारात." रॉससाहेबही हसला. म्हणाला, "बर्फाचं मला प्रेम नाही. चाक आणि जमीन यांच्यामध्ये काय आलंय तेवढंच मी विचारतो. त्याचं नाव तुम्ही काय वाटेल ते ठेवा." बाकीच्यांनी चहा घेतला आणि विसरले. जाधवने मात्र ते मनाला लावून घेतलं. काळजी करायला त्याला नवीन जागा मिळाली ना! त्यानंतर झिंज ते सलमानियाच्या रस्त्यावर, आरशात बघून मागे कोणी नाही अशी खात्री केली की हा माणूस ब्रेक दाबायचा. शेजारी मी, माझ्या हातात करक चहा. माझे शर्ट त्या वर्षी पांढरे म्हणून विकत घेतले ते सगळे तपकिरी झाले. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या शिंप्याने विचारलं, "मुकादम, हा रंग कुठे मिळतो?"

मग ती दुपार... माझी रझिया गावाहून यायची होती. सातवा महिना चालू होता. आधीच्या दोन वेळी आमच्या पदरात काही पडलं नव्हतं, त्यामुळे या खेपेला सगळं घर श्वास धरून होतं. गावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, जायचं तर आत्ताच जा, दगदग नको, धक्का नको, फार वेळ एका जागी बसणं नको. सलमानियाच्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं. मी सुट्टी घेतली होती, पण घरात बसवेना म्हणून पास गळ्यात अडकवून सकाळपासूनच विमानतळावर घिरट्या घालत होतो. जाधवने बघितलं आणि गाडीचं दार उघडलं. "बस आत. समोर दिसत राहा. इकडेतिकडे हिंडलास तर मला तुझीपण काळजी."

बहरीनचा पाऊस म्हणजे काय, वरून कोणी ओले हात झटकावेत तेवढा. त्या दुपारी तेवढाच पडला. पण कितीतरी महिन्यांची धूळ साठलेली, तिच्यात उतरणाऱ्या विमानांच्या चाकांचं घासून निघालेलं रबर. त्यावर एवढंसं पाणी पडलं की जे होतं ते काळं लोणी. ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. मला वाटलं, वा, हवा गार झाली, रझियाला बरं वाटेल. एक विमान आमच्यासमोर उतरलं, छान उतरलं. जाधवने चहाचा कप खाली ठेवला.

"हे शेवटच्या वळणावर का वळलं?"

"म्हणजे?"

"हे रोज मधल्या वळणावर वळतं. आज पार टोकापर्यंत गेलं."

"पायलट नवा असेल रे."

"असेल," असं म्हणत त्याने टॉवरची परवानगी घेतली आणि गाडी धावपट्टीवर घातली. वेग धरला. "धर," म्हणाला. मी दोन्ही हातांनी धरलं, कपाळ काचेवर आपटायच्या तयारीत. त्याने ब्रेक दाबला... आणि काहीच झालं नाही. माझं कपाळ जागेवर, मी जागेवर, आणि गाडी आपली निघालीच आहे, निघालीच आहे, कोणी रेशमी चादरीवरून ओढत न्यावी तशी. आयुष्यात मी खूप आपटलो, पण न आपटल्याची अशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. जाधवने आणखी पुढे जाऊन ब्रेक दाबला. तेच. त्याने खाली उतरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यासमोर धरलं. मग रेडिओवर सांगितलं, धावपट्टी बंद. धुऊन होईपर्यंत बंद.

तिकडून त्याचा साहेब खवळला. "आत्ताच एक विमान नीट उतरलं ना?"

"उतरलं म्हणूनच बघायला आलो, सर."

"मुंबईचं विमान जवळ आलंय. ते कुठे पाठवू?"

"कुठेही पाठवा, सर. इथे नको."

मुंबईचं विमान. मी म्हटलं, "जाधव, ती त्यात बसलीये."

"माहिती आहे."

"फार वेळ बसून राहू नको म्हणालीये डॉक्टर."

"माहिती आहे रे, मुकादम."

"धक्का नको असंही म्हणालीये."

"तेसुद्धा माहिती आहे..." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तू आता मला काही विचारू नकोस. तू विचारलंस तर मी उघडीन."

मी विचारलं नाही. माझ्यासारख्या बडबड्याने तोंड मिटलं, याला साक्षीदार एकच होता आणि तोही आता गेला. समुद्रावर एक पांढरा ठिपका दिसला, मोठा झाला, वळला, पुन्हा एक फेरी मारून वळला आणि पलीकडे सौदीतल्या धाहरानच्या दिशेने गेला. पाण्याचे टँकर आले, मोठे झाडू लावलेल्या गाड्या आल्या. धुऊन होईतो ऊन पडलं आणि धावपट्टी लख्ख सुकली. साहेब स्वतः आला, बुटाने घासून बघितलं आणि म्हणाला, "दाखव कुठे घसरतं ते." जाधव काय दाखवणार? जे होतं ते धुऊन गेलं होतं. त्याच्या धंद्याची ही अवघड गोष्ट मला तिथे कळली. बंद केलं की काहीच होत नाही, आणि काही झालं नाही याचा पुरावा कुठून आणायचा?

धाहरानला उतारूंना व्हिसा नाही म्हणून कोणाला खाली सोडलं नाही. रझिया पाय सुजवून विमानातच बसून राहिली. संध्याकाळी विमान परत आलं, मधल्या वळणावर वळलं, आणि तिला शिडीवरून उतरवतानाच कळा सुरू झाल्या. आम्ही तिथून थेट सलमानियाला. पोरगी झाली. काय सांगू, माझ्या तळहातावर मावून वर चपाती ठेवायला जागा उरेल एवढीशी. हे मात्र मीठ नव्हे. तिला काचेच्या पेटीत ठेवली. जगेल का विचारलं की डॉक्टर इंशाल्ला म्हणायचे, आणि मी त्यांच्या आवाजावरून त्या इंशाल्लाचं वजन करत बसायचो.

जाधव रोज शिफ्ट संपली की यायचा, युनिफॉर्ममध्येच. आमच्यापाशी यायचा नाही. काचेपाशी उभा राहून केरळच्या सिस्टरला हळूच विचारायचा, "बेबी कैसी है?" आणि निघून जायचा. एकदा रॉससाहेबही त्याच्याबरोबर आला. मी जवळच बाकावर होतो. जाधव त्याला म्हणाला, "सर, ते विमान उतरलं असतं ना?"

रॉससाहेबाने पोरीकडे बघितलं. "बहुतेक उतरलं असतं."

"मग?"

"मग काय? बहुतेकच्या भरवशावर मी कधी उघडलं नाही. तुला हे कळणार नाही, जाधव, कधीच नाही. मी ज्या ज्या वेळी बंद केलं, त्यातलं एकही मला अजून कळलेलं नाही."

एवढा मोठा साहेब, याने तरी खोटं बोलून त्याला मोकळं करावं, असं मला वाटलं. नाही केलं. पण जाधव त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशेजारी येऊन बसला.

पोरगी जगली. नाझ नाव ठेवलं. घरी आली, मग रडायला लागली ती सगळ्या झिंजला जागं ठेवून. जाधवचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवायचं मात्र लांबत गेलं. विचारलं की साहेब म्हणायचा, बघू, आणि एक दिवस खलास म्हणाला. रॉससाहेब तोवर परत गेला होता. त्याने निरोप पाठवला, माझ्याकडे ये, इथे असल्या माणसांवर वर्षातले सहा महिने लोक ओरडत असतात. जाधव गेला. सुरुवातीला बर्फ ढकलणारी गाडी चालवली, परीक्षा दिल्या, हळूहळू वर चढला आणि शेवटी त्या लहान विमानतळाचा मालक नव्हे पण काळजीवाहू झाला. सुनंदावहिनी सांगायच्या की तिकडे मॅनेजरच विमानांची वेळ बघतो, मॅनेजरच दिवे बदलतो, हरणं धावपट्टीवर आली तर मॅनेजरच त्यांच्यामागे धावतो. गावातली सगळी औषधं, टपाल, आजारी माणसं त्या एका धावपट्टीवरून जायची. आणि ती उघडी ठेवायची का बंद, हे रोज सकाळी जाधवने ठरवायचं.

बंद केलं की त्याचा मला फोन यायचा. दरवेळी. आमच्याकडे त्या वेळी संध्याकाळची भाकरी चाललेली असायची. "हनीफ, आज बंद केलं."

"मग?"

"मग काही नाही. सगळे रागावलेत." मग लगेच विचारायचा, "नाझ कशी आहे?" नाझ शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, लठ्ठ झाली, बारीक झाली, तरी त्याचा प्रश्न तोच आणि आवाज काचेपाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा. मी म्हणायचो, "अरे, तिने काल माझ्याशी भांडून दार आपटलं, अर्धी भिंत खाली आली." तो म्हणायचा, "पण तब्येत?" रझियाशीही बोलायचा, पाऊसपाणी, मुलाबाळांचं. त्या दुपारचं तिला त्याने कधीच विचारलं नाही. तिला विमानात काय वाटलं, तिने त्याला मनातून माफ केलंय की नाही... माझ्याकडे एकदा विषय काढला होता. मी म्हटलं, विचार ना तिलाच. म्हणाला, "नको. ती खरं सांगेल."

जाधव गेल्यानंतर, गेल्या आठवड्यात, रझियाच्या भावाच्या मुलीचं लग्न म्हणून आम्ही तिघं बहरीनला निघालो. मुंबई विमानतळावर आत जाऊन बसलो आणि बोर्डावर सगळ्या विमानांपुढे उशीर लागला. धावपट्टी बंद. कारण कोणी सांगेना. लोकांनी काउंटरवरच्या पोरीला घेरलं. एक सफारीतला गृहस्थ तर इतका तापला की त्याच्या डोक्यावर चहा उकळला असता. ओरडला, "कोण मूर्ख आहे, ज्याने रनवे बंद केलाय? बाहेर तर सगळं स्वच्छ दिसतंय!"

रझिया परक्या माणसाशी सहसा बोलत नाही. ती पदर सावरून म्हणाली, "भाऊ, बसा. कोणतरी बघतोय म्हणून बंद हाय."

"तुम्हाला काय माहीत, बाई?"

"मी वर होती ना एकदा. ही पोटात होती." तिने नाझकडे बोट केलं. "पायलट बोलला, खाली बंद केलाय. सगळी तुमच्यासारखीच वरडत होती. मला वाटला, चला, खाली कोणतरी उभा हाय, बघतोय. मग मी डोळे मिटून जरा झोपली."

मी विचारलं, "हे तू जाधवला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारला कुठे?" रझिया म्हणाली. "मला वाटला, त्यांना ठावक असेल."

गृहस्थ बसला. नाझने डबा उघडून त्याच्यापुढे केला. काचेबाहेर दूरवर एक पिवळी गाडी धावपट्टीवरून सावकाश चालली होती, मध्येच थांबत होती, कोणीतरी उतरून वाकत होतं. तो माणूस परत गाडीत बसेपर्यंत आम्ही कोणी डब्याला हात लावला नाही.