पद्मजाबाईंनी आणलेला राउटर

वणीच्या त्या गल्लीत कुणाला मिक्सर घ्यायचा असो की पाण्याची मोटर, लोक आधी कमलाकररावांना विचारत. टेलिफोन खात्यात सारा जन्म तारा जोडण्यात गेलेला माणूस. दुकानात वस्तू उलटीपालटी करून बघायचे आणि दुकानदाराला असे दोन प्रश्न घालायचे, की तो मुकाट्याने आतून दुसरा माल काढायचा. पद्मजाबाई सोबत असायच्या, पिशवी धरायला. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. संसारात एकाने पारखावं, एकाने सांभाळावं, असं त्या म्हणत.

मागच्या पोळ्याच्या सुमारास कमलाकररावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, 'हो'. भूक लागली तरी हो, ताट नको असलं तरी हो. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना, फक्त शब्द बाहेर येत नाही. पण समजतं म्हणजे किती समजतं, हे पद्मजाबाईंना कोण सांगणार?

देवाची कृपा म्हणून नागपूरच्या एका संस्थेत नंबर लागला. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम दर शनिवारी घरच्या टॅबवर दिसायच्या, फुकट शिकवायच्या. त्यांच्या ओठांकडे बघून कमलाकरराव 'पाणी' म्हणायला धडपडायचे. एवढ्यात 'पा' यायला लागला होता. त्या दिवशी पद्मजाबाईंनी गावच्या रंगनाथस्वामींना साखर ठेवली. संस्थेचा नियम मात्र पक्का होता. लागोपाठ दोन खाडे झाले, की जागा पुढच्या पेशंटला.

आणि अवकाळीच्या विजांनी घरातला राउटर गेला. एक शनिवार बुडाला. मोबाइलची रेंज यायची ती गच्चीवर, आणि कमलाकररावांना गच्चीवर न्यायचं तर चार माणसं पाहिजेत.

नेटवाल्या बबलूला फोन केला, तर तो मारेगावकडे साळ्याच्या लग्नात.

"कंपनीची डबी यायले टाइम लागन, काकू. तुम्ही बाजारातून तसलीच घेऊन ठेवा. मी शनिवारी सकाळीच येऊन जोडून देतो."

"तसलीच म्हंजे कशी रे?"

"अव्वो, दुकानवाला देते ना बराबर," तो म्हणाला, आणि पुढचं बँडच्या आवाजात बुडालं. मग त्याचा फोन लागलाच नाही.

पुण्याहून मुलगा अनिकेत म्हणाला, "आई, स्वस्तातला नको घेऊ. रिव्ह्यू बघ. ड्युअल बँड घे."

"रिव्ह्यू कुठं बघू? नेट बंद आहे म्हणूनच तर विचारून राह्यली तुले."

शेवटी शुक्रवारी त्या एकट्याच खेमसिंगच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेल्या. खेमसिंग कमलाकररावांना मानणारा. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काकू, घरात वायर कोणती हाय? काळी का पिवळी?"

खांबावरून घरावर येणारी वायर पद्मजाबाई रोज कपडे वाळत घालताना बघत. "काळी," त्या लगेच म्हणाल्या. निदान एवढं तरी आपल्याला सांगता आलं, म्हणून त्यांना बरंही वाटलं.

खेमसिंगने दोन डबे काढले. "दोन्ही न्या. साहेबाले दाखवा. एक ठेवा, एक परत आणा. फक्त सील तोडलं की मग वापस नाही होत, बरं का."

घरी येऊन त्यांनी दोन्ही डबे कमलाकररावांच्या पलंगाजवळ स्टुलावर मांडले.

"अहो, हा ठेवू?"

"हो."

"का हा?"

"हो." आणि डाव्या हाताने त्यांनी दोन्ही डबे असे लोटले, की एक खाली पडला.

"असं काहून करता?"

"हो, हो, हो." ते कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट करत होते. चेहरा लाल झाला होता. कपाटाखाली लघवीचं भांडं असायचं. पद्मजाबाईंनी धावत ते आणलं. त्यांनी भांड्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

या आजारात राग येतो, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तरी पद्मजाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मले काय समजते यातलं? जन्मभर पिशवीच तर धरली मी." बोलून झाल्यावर वाईट वाटलं. भांडं धुवायचं काही नव्हतं, तरी त्या धुऊन आल्या.

मग देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. हात जोडून एक उचलली आणि त्या डब्याचं सील काढलं. पांढरा, दोन कानांचा, अगदी जुन्यासारखाच दिसत होता.

शनिवारी बबलू कबूल केल्याप्रमाणे आला. डोळे झोपेने तारवटलेले, कपाळावर हळद तशीच. त्याने कपाट थोडं सरकवलं आणि मागून दोऱ्यासारखी बारीक पिवळी वायर बाहेर ओढली.

"काकू, हे तर काचेची लाइन हाय, फायबरची. या डबीत हिले शिरायले जागाच नाही."

"पण वायर तर काळी आहे नं? बाहेर?"

"बाहेर काळी, घरात पिवळी. काकांनीच तर कपाटामागून घेतली होती, दिसायले बरं नाही म्हणून."

"मग तो दुसरा डबा?"

बबलूने तोही बघितला. "हा बी तसलाच. दोन्ही नाही चालत. सोमवारी चंद्रपूरहून मागवतो." त्याने मान खाली घातली. "मीच नीट सांगाले पाहिजे होतं."

पद्मजाबाई त्या पिवळ्या वायरकडे बघत उभ्या राहिल्या. काल बोट इकडेच होतं. नवरा सगळं ओळखून होता, आणि आपण त्याच्यापुढे काय नेऊन धरलं!

त्या गच्चीवर गेल्या आणि मॅडमना फोन लावला. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर मी थांबले असते हो, काकू. नाव परत टाका. दिवाळीपर्यंत लागेल नंबर." पद्मजाबाई "बरं" म्हणाल्या. भांडायचं कुणाशी?

खाली बबलू निघून गेला होता. कमलाकररावांना पद्मजाबाईंनीच सकाळी इस्त्रीचा सदरा घातला होता. शनिवारी घालायच्या. मॅडमपुढे बसायचं म्हणून.

"तुम्ही सांगून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "मलेच समजलं नाही."

"हो."

त्यात कबुली होती, माफी होती, की नुसताच तो शब्द होता, त्यांना कळेना. त्यांनी स्टूल ओढलं, टॅब जिथे ठेवत तिथे त्या स्वतः बसल्या आणि मॅडमसारखे ओठ मिटून उघडले.

"पा. म्हणा, पा."

कमलाकररावांनी बघितलं. ओठ हलले, थरथरले.

"हो," ते म्हणाले.

"पा," पद्मजाबाई पुन्हा म्हणाल्या. मॅडम यानंतर काय करायच्या, ते त्यांना काही केल्या आठवेना.