एर्सिलियाबाईंची वांगी

माझ्या सासूबाईंना, एर्सिलियाबाईंना, वांगं मुळीच आवडत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या आमच्या अख्ख्या गोतावळ्यात हे फक्त मला ठाऊक आहे. सासऱ्यांनी इटलीहून येताना बी आणलं होतं. ते गेले आणि वांगी सासूबाईंच्या गळ्यात पडली. फेब्रुवारीत तळघरात बॉयलरजवळ बी पेरायचं, मे महिन्यात रोपं रोज सकाळी उन्हात न्यायची, संध्याकाळी लेकरांसारखी घरात आणायची. जास्तीची रोपं भाच्या-पुतण्यांना वाटायची. इटलीतली बहीण तेरेझीना दर वर्षी बोलवायची आणि सासूबाई म्हणायच्या, "वांगी टाकून कशी येऊ गं?"

यंदा मे महिन्यात तेरेझीना आजारी पडली. त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं की रात्री पाणी गोठेल अशी थंडी पडणार. सासूबाईंनी ऐकलं आणि रोपं मुद्दाम अंगणातच ठेवली. सकाळी सगळी काळी पडली होती. बाईंनी इटलीला जायला बॅग भरली, लिपस्टिकसुद्धा लावली.

तेवढ्यात माझ्या शहाण्या नवऱ्याने आईची रोपं गेली म्हणून सगळ्यांना फोन केले. दुपारपर्यंत दारात गाड्यांची रांग! ज्याला ज्याला रोपं दिली होती, तो कुंडी घेऊन हजर.

"रडू नको, मावशी," भाचा निनो म्हणाला. "काकांचं बी आम्ही मरू देऊ होय? आणि तुझ्या हाताशिवाय ती जगतात कुठे?"

सगळ्यांनी त्यांना मिठ्या मारल्या. मेल्यांना प्रेम तरी किती!

संध्याकाळी गार वारा सुटला. सासूबाई उठल्या आणि एकेक कुंडी घरात न्यायला लागल्या. लिपस्टिक अजून तशीच होती.