पाणी न पिण्याची शाळा

सोळा जून, सोमवार. अठरा हजार पाचशे रुपये रोख, नर्सरीचा पहिला हप्ता. हजर: मी, माझी सून, चार वर्षांची नात, शाळेचे संचालक आणि पावती फाडणारे क्लार्क. मुलगा मानवतला नोकरीला आहे, सकाळच्या एसटीने जातो, म्हणून शाळेची कामं माझ्याकडे आली. मी परभणीत बियाणं-खताच्या दुकानात हिशेब लिहितो. जूनमध्ये आमच्या काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते. तरी मालकाकडून दोन तास मागून घेतले होते.

पावतीवरच्या सगळ्या ओळी मी वाचल्या. त्यात 'स्वच्छता शुल्क, बाराशे' अशी एक होती. तिला मी हरकत घेतली नाही. त्याला कारण होतं.

एप्रिलमध्ये आम्ही शाळा बघायला गेलो तेव्हा संचालकांनी वर्ग घाईत दाखवला आणि बाथरूम सावकाश. लहान मुलांच्या मापाचे चार कमोड, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बेसिन, भिंतीवर मासे आणि बदकं असलेल्या टाइल्स. आलेल्या आया मोबाइल काढून फोटो घेत होत्या. एकीने तर मुलाला चड्डीसकट कमोडवर बसवून फोटो काढला. माझी सून खेड्यातल्या शाळेत शिकली. तिथं मुलींना आडोसा नव्हता, ती मधल्या सुट्टीत घरी पळत यायची. "माझ्या लेकीला तसं नको, मामा," एवढं ती मला म्हणाली. त्यानंतर मी पैशाचा विषय काढला नाही.

शाळा सुरू झाली. नात आठला रिक्षात बसायची आणि एकला परत यायची. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, कारण दुपारी मी जेवायला घरी येतो. रिक्षा थांबली की ती पायऱ्या चढायची नाही, गुडघे एकमेकांना चिकटवून तिथंच उभी राहायची. मग आजी तिला उचलून मोरीत न्यायची. दोनदा मोरीपर्यंत पोचताच आलं नाही. अंगणात तिचे नवे पांढरे मोजे भिजले आणि ती रडायच्या आधी इकडं तिकडं बघू लागली, कुणी पाहिलं का म्हणून. दप्तरातली बाटली भरलेलीच असायची.

"पाणी का न्हाई पिलीस गं?" मी विचारलं.

"तहान न्हाई लागली, आबा."

जूनमधली परभणी. पाऊस नावाला, उकाडा जिवावर उठलेला, आणि चार वर्षांच्या पोरीला पाच तासांत तहान लागत नाही.

"नवीन हाय, लाजत असल," बायको म्हणाली. "तुमी प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडत बसू नका."

शनिवारी संध्याकाळी मी सुनेला जरा चढ्या आवाजात विचारलं, की बाटली भरून देतेस तर ती प्यायला का सांगत नाहीस. तिने मोबाइल उघडून माझ्या हातात दिला. आयांचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होता.

मी चष्मा लावून वाचलं. 'ताई, सकाळी दूध बंद करा, मी केलंय.' 'साडेसातनंतर पाणी नाही, फक्त ओठ ओले करायचे.' 'मी डायपर घालूनच पाठवते, फ्रॉकखाली कळत नाही.' 'माझं पिल्लू आता साडेचार तास होल्ड करतं.' या शेवटच्या वाक्याखाली अकरा जणींनी टाळ्या वाजवणारे हात टाकले होते. कुणी गुलाबाचं फूल टाकलं होतं.

"हे काय हाय?"

"बाथरूमला कुलूप असतंय, मामा. मिस म्हनतेत घरून करून पाठवा. सगळ्याच जणी असंच करायलेत."

"आन तू?"

"मी बाटली देते," ती म्हणाली. "पण पिऊ नको म्हनते."

बाटली का द्यायची, तर रिकाम्या हाताने पाठवलं तर चारचौघात बरं दिसत नाही. नात शेजारी बाहुलीला झोपवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आबा, मी पन होल्ड करते." शाळेत गेल्यापासून घरी आलेला हा तिचा पहिला इंग्रजी शब्द.

सून पुढच्या दिवसापासून पाणी प्यायला सांगू लागली, पण आता नात ऐकेना. सकाळी बायको इष्टलिंगाची पूजा करते. पूजा झाली की नात तळहात पुढं करून तीर्थ घेते, दात यायच्या आधीपासूनची तिची सवय. सोमवारी आजीने पळी पुढं केली तर तिने मूठ आवळून पाठीमागं नेली.

"थेंबभर हाय गं सोन्या."

"नको. सू येती. सू येते तो गंदा बच्चा."

बायकोने माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर ती मला हिशेब मांडू नका असं म्हणाली नाही.

मंगळवारी रात्री ताप चढला. बुधवारी सकाळी लघवी करताना पोर किंचाळली आणि भिंतीला धरून तशीच अर्धवट थांबली. मी आणि सून तिला स्टेशनकडच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली, जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं आणि मग सुनेला विचारलं, "शाळेत जायला लागली का यंदा?"

"हो."

"पाणी बंद केलं असेल तुम्ही." ते चिडले नव्हते, कंटाळलेले होते. "दर जूनला हेच. औषध देतो, पण औषधापेक्षा पाणी. तासातासाला. हे असंच चालू राहिलं तर वर किडनीपर्यंत जातं, मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

मायलेकींना घरी सोडलं. मी दुकानात फोन केला आणि गाडी शाळेकडे वळवली.

संचालकांनी मला ओळखलं. "या काका. चहा?"

"बाथरूम बघायचंय."

"बघितलं होतं की तुम्ही."

"परत बघायचंय."

त्यांनी हसत ड्रॉवरमधून किल्ली काढली. वर्गाच्या दारात मिस उभ्या होत्या, वीस-बावीस वर्षांची मुलगी. त्या आमच्या मागं आल्या. कुलूप उघडलं तर आतून नव्या प्लास्टिकचा वास आला. चारही कमोडच्या सीटवर कंपनीचा पारदर्शक कागद तसाच चिकटलेला होता. कोपऱ्यात अ‍ॅडमिशनचे फ्लेक्स गुंडाळून उभे केले होते. मी बेसिनची तोटी फिरवली. काहीच आलं नाही, खरखर आवाजसुद्धा नाही.

"लाइन पुढच्या टप्प्यात जोडायचीय," संचालक म्हणाले. "नळाला पाणी कधी येतं तुम्हाला माहितीये. लहान मुलं घाण करतात हो. चाळीस मुलं, धुणार कोण?"

"स्वच्छता शुल्क घेतलंय त्याचं."

"ते मेंटेनन्सचं आहे."

"वापरच न्हाई त्याचा मेंटेनन्स?"

"म्हणून तर बघा ना, नवं कोरं राहिलंय." हे ते लाजून नाही, कौतुकाने म्हणाले. "आणि तीन तासांचा तर प्रश्न आहे, काका."

"दारातून निघाल्यापासून दारात येईपर्यंत पाच तास. मी मोजलेत."

"रिक्षाचा वेळ आमच्याकडं कसा धरता?"

मी मिसकडं वळलो. "लेकरू फारच रडायला लागलं तर काय करता?"

"मुलांना मागच्या भिंतीकडं नेते. मुलींना..." त्यांनी संचालकांकडं पाहिलं. "मुलींना समजावते."

"आन तुमी?"

"समोरच्या घरी जाते, ओळख आहे. मी पण सकाळी चहा घेत नाही, काका."

संचालकांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "शनिवारी पालक सभा आहे. तुमची सूचना तिथं मांडा. आपण लोकशाही मानतो."

मला वाटलं होतं, त्या माणसाची जी किळस आली तिच्यापुढं काही नसेल. शनिवारी ते चुकीचं निघालं.

सभा वर्गातच होती. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर तीसेक पालक गुडघे छातीशी घेऊन बसले होते. चहा आणि क्रीमची बिस्किटं फिरली. मी उभा राहून पाहिलं ते सांगितलं: कुलूप, कागद चिकटलेल्या सीट, कोरडी तोटी, डॉक्टर काय म्हणाले ते. आवाज चढवला नाही. चार मिनिटांत संपवलं.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "काका, आपण काय कमोडवर बसून शिकलो का? आपली तर शेतंच्या शेतं होती." सगळे हसले. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

"आमचा आता बरोबर होल्ड करायलाय," एक बाई म्हणाल्या. "उगं त्याची सवय मोडू नका. पुढं मोठ्या शाळेत हेच लागणार हाय."

"मी तेच म्हणतो," संचालक म्हणाले. "ही शिस्तच आहे एक प्रकारची."

माना डोलल्या. मी त्या माना बघत होतो. पैसे घेऊन फसवणारा माणूस मला समजतो, बाजारात रोज भेटतो. पण ज्यांना फसवलं त्यांनीच फसवणुकीला शिस्त म्हणावं आणि तिचा सराव स्वतःच्या लेकरांकडून घरी करून घ्यावा, हे मला गिळता आलं नाही. माझ्या हातात बिस्किट होतं. ते मी बशीत परत ठेवलं.

"या दोन आठवड्यांत कुणाच्या लेकराला ताप आला? लघवीला जळजळ झाली?" मी विचारलं.

एक गृहस्थ हळूच म्हणाले, "तुमच्या नातीला आधीचंच काही असंल."

तेव्हा माझी सून उठली. चार माणसांत ती कधी बोलत नाही. पुढच्या ओळीतल्या एका बाईकडं बघून ती म्हणाली, "ताई, त्या दवाखान्याचा नंबर मला तुमीच दिला ना? तुमच्या लेकीची फाइल हाय तिथं, म्हनून."

त्या बाईंनी मोबाइल काढला आणि तो बघत राहिल्या. "ते सर्दीचं होतं," त्या स्क्रीनकडं बघतच म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याने विचारलं, "सर, टाय कधी मिळणार? अन आयकार्ड?" आणि सभा टायवर गेली. टायचं रबर लांब असतं की आखूड, यावर बराच वेळ बोलणं झालं.

आम्ही निघालो. बाहेर गाडीवर बसताना सून म्हणाली, "मामा, पैसे गेले."

"गेले."

"तुमी मला काही बोलला न्हाईत."

"तू उभी राहिलीस ना," मी म्हणालो. ती मागं बसून रडत होती हे मला आरशात दिसलं. मी गाडी हळू घेतली. घरी पोचायच्या आत तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

हप्ता परत मिळणार नाही हे क्लार्कने फोनवर सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर त्यांनी फोन ठेवला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नात आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत जाऊ लागली. तिथली मोरी सुनेने स्वतः आत जाऊन पाहिली. पत्र्याचं दार, आतून कडी, पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं पिंप, मग. टाइल्स नाहीत. खिचडी कधी करपते, बाई कधी कधी मीटिंगला जातात. ते सगळं आहे. पण नातीचं भय गेलं नव्हतं. औषधाच्या बाटल्या संपल्या तरी पाण्याचा ग्लास पुढं केला की ती आधी आमच्या तोंडाकडं बघायची. रात्री निजताना तिला घोटभर पाजायला घरातली दोन माणसं लागायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संसर्ग गेला की नाही हे परत तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

बारा जुलैला, शनिवारी सकाळी, मी आणि सून तिला दवाखान्याखालच्या लॅबमध्ये घेऊन गेलो. लॅबच्या बाईंनी झाकणाची छोटी डबी दिली. नात म्हणाली, "येत न्हाई."

"मग पाणी पी आन बस."

बाकावर आमच्या शेजारी त्याच शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. तिची आई लॅबवाल्या बाईंना म्हणत होती, "आमचं आधी घ्या ताई, नऊला शाळा हाय. नमुना दिला की हिचं पाणी बंद करायचंय."

लॅबवाल्या बाईंनी तिच्या हातात डबी दिली. मला त्या बाईच्या शेजारी बसवेना, मी उठून दारात उभा राहिलो.

त्या दोघी गेल्यावर नातीने सुनेच्या हातातला ग्लास घेतला. दोन घोट घेतले, थांबली, आणखी घेतले. मग आईला नाही, मला नाही, तिने लॅबवाल्या बाईंना विचारलं, "हितं केलेलं चालतंय?"

"त्यासाठीच तर बोलावलंय तुला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडून आतला दिवा लावला.

नात आत गेली. सून बरोबर निघाली तर तिने आईला बाहेरच थांबवलं. बराच वेळ काही आवाज नव्हता. नंतर आला, थांबला नाही, आणि सुनेने भिंतीला डोकं टेकलं.

रिपोर्ट दुपारी मिळाला. संसर्ग नव्हता. लघवीच्या दुसऱ्या तपासणीचे दोनशे रुपये मी लॅबच्या बाईंच्या हातात रोख दिले.